समाजशास्त्राचे १२० तास: कोकणात राहून इंटर्नशिप कशी करायची

दरवर्षी मार्च उजाडला की माझ्या फोनवर एकाच चालीचे मेसेज यायला लागतात. ‘मॅडम, टीवायबीएला आहे, समाजशास्त्र. ओजेटी करायची आहे. सर्टिफिकेट मिळेल ना?’ ओजेटी म्हणजे अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण. काम कोणतं, कुठल्या गावात, किती दिवस, यातलं काहीच नाही. सर्टिफिकेट मात्र पहिल्या दमात. मला राग येत नाही, कारण मीही तशीच होते. माझी पहिली इंटर्नशिप म्हणजे एका संस्थेच्या मागच्या खोलीत बसून महिनाभर जुनी रजिस्टरं नव्या रजिस्टरांत उतरवणं. शेवटी मिळालेल्या प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलं होतं. ते प्रमाणपत्र आजवर मला कोणी मागितलेलं नाही. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी एवढंच म्हटलं, ‘तू स्वतः केलेलं काहीतरी दाखव.’ दाखवायला काही नव्हतं.

पुढचं सगळं त्या ‘दाखव’साठी लिहितेय. मी सिंधुदुर्गात सर्वेक्षणाची कामं बघते, उन्हाळ्यात दोन-तीन मुलं हाताशी असतात, आणि तीन वर्षांत एक धड काम करून बाहेर पडलेला विद्यार्थी पाच प्रमाणपत्रं जमवणाऱ्यापेक्षा कसा उजवा ठरतो हे जवळून बघितलंय.

आधी विषय, मग संस्था

‘समाजशास्त्र घेऊन काय करणार?’ हा प्रश्न कोकणात विचारला जावा याची गंमत वाटते. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग निघाला आणि १९२४ पासून ज्यांनी तो उभा केला ते गो. स. घुर्ये जन्मले मालवणात. इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी. त्या मालवणातली पोरं आज ‘मुंबईत ओळख असती तर इंटर्नशिप मिळाली असती’ म्हणून हळहळतात.

मुंबईला जाऊ नका असं माझं म्हणणं नाही. पण जो अभ्यास करायला बाहेरची माणसं इथे येतात, तो तुमच्या उंबऱ्यावर आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. नुसता आकडा वाचणारा म्हणेल, काय पुढारलेले जिल्हे! आपल्याला ठाऊक आहे, बाप्ये मुंबईला आहेत. त्याच जनगणनेत दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा घटलेली दिसली. आता बंद घरं, तीस जणांच्या नावांचा सामाईक सातबारा, आंब्याच्या बागेत राखणीला असलेलं नेपाळी कुटुंब, ट्रॉलरवरचे परप्रांतीय खलाशी, पर्ससीन (यांत्रिक होड्यांची मोठी जाळी) आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं पारंपरिक जाळं) यांचं भांडण, होमस्टेमध्ये पाहुण्यांसाठी पहाटे उठून घावणे घालणारी सून. यातलं काय तुमच्या गावात नाही?

मात्र विषय बारीक करायला शिका. ‘कोकणातील स्थलांतर’ हा विषय नव्हे, तो पुस्तकातला धडा झाला. माझ्याकडच्या एका मुलीने तो असा आवळला: ‘आमच्या वाडीतल्या ज्या घरांना कुलूप आहे, त्यांची किल्ली कोणाकडे असते?’ तिला वाटलं होतं, आठ दिवसांत संपेल. किल्लीच्या मागे लागल्यावर कळलं की किल्ली ठेवणारी बाई वीजबिल भरते, पावसाआधी कौलं परतून घेते, देवाला दिवा लावते आणि गणपतीच्या आधी घर सारवून ठेवते. हे सगळं फुकट, आणि बहुतेक घरांच्या किल्ल्या दोन-तीनच बायकांकडे. एका साध्या प्रश्नातून नातेसंबंध, मालमत्ता, बाईचं बिनपगारी काम, सगळं हाताला लागलं. असा प्रश्न एका ओळीत लिहिता येत नाही तोवर कुठल्याही संस्थेला फोन करू नका.

तासांचा आणि हंगामाचा हिशेब

नव्या शैक्षणिक धोरणानंतरच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प, समुदाय सहभाग आणि ओजेटी यांना क्रेडिट आहेत. प्रत्यक्ष कामाचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. चार क्रेडिटची ओजेटी असेल तर १२० तास, दोन क्रेडिटचा प्रकल्प असेल तर ६०. तुमच्या कॉलेजात कोणत्या सत्राला काय आहे हे विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. सिनियरच्या आठवणीवर जाऊ नका.

बहुतेक मुलं हे तीन तुकडे वेगवेगळे उरकतात: एकदा झाडं लावली, एकदा बँकेत बसले, एकदा वृद्धाश्रमाला भेट. माझा सल्ला उलटा आहे. तिन्ही एकाच गावात, एकाच प्रश्नावर करा. पहिल्या ६० तासांत घरांची यादी आणि नकाशा, पुढच्या ६० तासांत मुलाखती, आणि शेवटच्या १२० तासांत त्याच विषयावर काम करणाऱ्या संस्थेबरोबर अहवाल. दोन वर्षांनी तुमच्याकडे ‘भेट दिली’ असं वाक्य न राहता एका वाडीची खरी माहिती असेल.

वेळ निवडताना कॉलेजचं कॅलेंडर दुय्यम, गावाचं पहिलं. मे महिन्यात चाकरमानी घरी असतात, म्हणजे स्थलांतरावर विचारायला उत्तम. पण लग्नं आणि आंबा दोन्ही चालू असल्याने दुपारीच गाठा. १ जूनपासून मासेमारीबंदी लागते. होड्या वर ओढलेल्या, माणसं जाळी विणत बसलेली; मच्छीमारांशी निवांत बोलायला याहून चांगला काळ नाही. लावणीत वाडीत पाऊलही टाकू नका. गेलात तर आधी चिखलात उतरा, वही नंतर. गणपतीत आणि शिमग्याला मुलाखती होत नाहीत, पण बघायला खूप मिळतं: मान कोणाचा, पालखी कोणाच्या दारात आधी, कोण मुंबईहून आला नाही आणि त्यावरून भावकीत काय बोलणं झालं.

कुठे विचारायचं

सगळ्यात दुर्लक्षित जागा सांगते: ग्रामपंचायत. तिथे नमुना ८ असतो, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही. वाडीतलं प्रत्येक घर कोणाच्या नावावर ते त्यात सापडतं. दरवर्षी गावाचा विकास आराखडा तयार होतो आणि त्यासाठी माहिती गोळा करायला हात कमीच पडतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ग्रामसभा होतात. एका ग्रामसभेला नुसतं बसून कोण बोललं, कोण उठून गेलं, बायका कुठे बसल्या होत्या हे टिपलंत तरी सत्तेवरचा एक आख्खा पाठ झाला. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना कॉलेजचं पत्र द्या. नाही म्हणणारे कमी भेटतात, पाठ थोपटून चहा पाजणारे जास्त.

तालुक्याला आणि जिल्ह्याला उमेद (ग्रामीण बचतगटांचं सरकारी अभियान), माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), महिला व बालविकास विभाग, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ही कार्यालयं आहेत. उमेदमध्ये साहेबांच्या केबिनपेक्षा गावपातळीवर बचतगटांचं काम बघणाऱ्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताईंबरोबर फिरायला मिळालं तर घ्या. बचतगटाचं कर्ज घरात कसं वाटलं जातं ते तिला जितकं माहीत असतं तितकं कुठल्याच फायलीत नसतं.

संस्थांमध्ये देवरुखची मातृमंदिर, झारापची भगीरथ प्रतिष्ठान, कासवांच्या संवर्धनामुळे वेळासला नाव मिळवून देणारी चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र, डेरवणचं वालावलकर रुग्णालय, अशी आपापल्या क्षेत्रात मुरलेली नावं आहेत. त्यांचं काम आधी वाचा, शक्य तर एकदा जाऊन बघा, मगच जागा आहे का विचारा. मच्छीमार सहकारी सोसायट्या आणि काजू प्रक्रिया करणारे छोटे कारखाने यांच्याकडे तर कोणी विद्यार्थी फिरकतच नाही. मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. किनाऱ्यावर जिथे बंदर किंवा मोठा कारखाना आहे तिथे असं काम बघणारा कोणीतरी असतोच. जा, पण कंपनी आणि गाव यांच्यात वाद असेल तर तुम्ही कोणाची माणसं म्हणून ओळखले जाल याचा आधी विचार करा. पुढच्या वेळी त्याच गावात मुलाखत मागायची असते.

रत्नागिरीच्या नगर वाचनालयाची स्थापना १८२८ ची. जुनी वर्तमानपत्रं, स्मरणिका, ग्रामदेवतेच्या ट्रस्टचे अहवाल चाळायला अशा वाचनालयांत आठवडा काढणं हेही क्षेत्रकार्यच.

आणि जी ‘इंटर्नशिप’ तुमच्याकडूनच पैसे मागते, ‘नोंदणी फी भरा, घरबसल्या प्रमाणपत्र’, ती सोडून द्या.

विचारायचं कसं

मेसेज छोटा असावा, पण त्यात तुम्ही दिसायला हवं. मला आवडलेला एक असा होता:

‘नमस्कार मॅडम. मी बीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय समाजशास्त्र. २ मे ते १० जून या काळात ३० दिवस, रोज चार तास काम करू शकते, एकूण १२० तास. मराठी टायपिंग, एक्सेलमध्ये तक्ते लावणं आणि बैठकीच्या नोंदी घेणं येतं. मागच्या वर्षी आमच्या वाडीतल्या ३० घरांची पाण्याची नोंद केली होती, तिची दोन पानं सोबत जोडली आहेत. मालवणी घरचीच भाषा आहे. तुमच्या सध्याच्या कामात याचा उपयोग होईल का? उद्या ११ नंतर फोन केला तर चालेल?’

यात एकही मोठा शब्द नाही. ‘समाजसेवेची आवड आहे’ नाही, ‘टीमवर्क’ नाही. मालवणी येते हे तिने लिहिलं, आणि मुलं नेमकं तेच लपवतात. मालवणी, संगमेश्वरी, दालदी, कोळी बोली यांपैकी जे काही तुमच्या घरात बोलतात ते मोठ्या सर्वेक्षणात फार मोलाचं असतं, कारण प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला लोक प्रमाण मराठीतलं, म्हणजे शाळेतलं, उत्तर देतात.

मेसेजला उत्तर आलं नाही तर तिसऱ्या दिवशी फोन. फोन उचलला नाही तर एसटी धरून जायचं. इथे अजून अर्धी कामं समोर जाऊन उभं राहिल्यावरच होतात.

पहिल्या दिवसाआधी

कॉलेजचं पत्र, ओळखपत्र, आणि संस्थेकडून कामाचं स्वरूप, तास व देखरेख करणारी व्यक्ती लिहिलेला एक कागद घ्या. प्रवासखर्च मिळणार का हे न लाजता विचारा. मानधन नसलं तरी गाडीभाडं मागण्यात काही गैर नाही. वाडीवर जाऊन येऊन जे जातं ते आईच्या डब्यातून जातं.

मुलींसाठी थोडं वेगळं. परतीची शेवटची गाडी किती वाजता हे ठरवून मगच गाव निवडा. ‘वस्तीची गाडी आहे’ याचा अर्थ ती रात्री तिथेच थांबते, परत नेत नाही. मी एकदा यात फसून अंगणवाडीताईंच्या घरी राहिलेय. ताईंनी जेवू घातलं म्हणून आठवण गोड आहे, एरवी नसती. शक्यतो जोडीने फिरा. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. संस्थेत दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

वाडीत गेल्यावर

इथे जरा थांबते, कारण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याची किंमत ठरते ती इथे.

वेंगुर्ल्याकडची एक दुपार. माझ्या हातात छापील प्रश्नावली, समोर पडवीत बसलेली काकी. प्रश्न: आपण काही काम करता का? काकी म्हणाली, ‘काम? मी खंय कामाक जातंय? मी घराकच असतंय.’ मी ‘काम करत नाही’वर खूण केली. मग वर बघितलं. तिच्या पुढ्यात सूप, सुपात काजूगर, आणि बोटं चिकाने काळी पडून सालं निघालेली. किलोमागे पैसे घेऊन ती पहाटेपासून सोलत होती. प्रश्नावली खोटं बोलत नव्हती, काकीही नाही. ‘काम’ या शब्दाचा अर्थ दोघींचा वेगळा होता.

मी खूण खोडली आणि विचारलं, ‘काकी, आज उठल्यापासून काय काय केलात?’ पुढची वीस मिनिटं मी फक्त लिहीत होते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ आणि २०२४ मध्ये वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं तेही याच वाटेने: आदल्या दिवशी पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४, अर्ध्या-अर्ध्या तासाने काय केलं ते विचारत जायचं. तुम्हीही तुमच्या आईपासून सुरुवात करून बघा.

रोज रात्री वही लिहा, दुसऱ्या दिवशीवर ढकलू नका. ‘आज बचतगटाची बैठक झाली, महिलांनी उत्स्फूर्त सहभाग घेतला’ हे वर्तमानपत्राचं वाक्य, नोंद नव्हे. नोंद अशी: ‘बैठक ३ ची, सुरू ३.४० ला. १२ पैकी ९ आल्या. हप्ता न भरलेली बाई दाराजवळ बसली, कोणी नाव घेतलं नाही, पण अध्यक्षीण तिच्याकडे बघून “सगळ्यांनी वेळेवर भरूया” म्हणाली.’ जे दिसलं ते एका बाजूला, तुम्हाला काय वाटलं ते समासात.

बोलण्याआधी कशासाठी विचारता, नाव छापणार का, रेकॉर्ड करणार का हे सांगून होकार घ्या. ‘नको’ म्हटलं की वही बंद. जात विचारायची वेळ आली तर ती शेवटी आणि सरळ विचारा. आपल्याकडे ‘आडनाव काय, वाडी कोणती’ असं आडून विचारायची सवय आहे, आणि समोरच्याला ते लगेच कळतं. लहान मुलाच्या लैंगिक छळाची माहिती कानावर आली तर ती वहीत ठेवायची गोष्ट नाही. पोक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधी मार्गदर्शकांना सांगा, १०९८ हा बालकांचा मदत क्रमांक फोनमध्ये ठेवा.

संगणकाचं थोडं

चार गोष्टी पुरतात. युनिकोडमध्ये वेगाने मराठी टायपिंग. एक्सेलमध्ये फिल्टर आणि पिव्हट टेबल. कोबो टूलबॉक्सवर मोबाइलमधली प्रश्नावली बनवणं, कारण ती रेंज नसतानाही भरता येते आणि आपल्याकडे घाटी उतरली की रेंज गेलीच. चौथी, मुलाखतीचं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवणं. तासाभराच्या रेकॉर्डिंगला पाच-सहा तास सहज जातात, काम कंटाळवाणं आहे, पण बोलीभाषा समजून अचूक उतरवणाऱ्याला संशोधक शोधत असतात. माझी पहिली कमाई हीच.

पदवीनंतरच्या वाटा

सर्वेक्षणाची कामं सर्वात जवळची. देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची सूत्रं सांभाळते. अशा सर्वेक्षणांत घरोघरी जाणारे अन्वेषक एजन्सीमार्फत घेतले जातात. काम तात्पुरतं, पायपीट भरपूर, पण प्रशिक्षण चांगलं मिळतं.

पुढे शिकायचं तर टाटा समाजविज्ञान संस्थेचे एमए प्रवेश आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतात. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात, म्हणजे तुम्ही पाचव्या सत्राच्या धामधुमीतून बाहेर पडत असता तेव्हा. कितीतरी मुलं एवढ्यावरूनच हुकतात. ग्रामीण भागातच काम करायचं असेल तर त्यांचं तुळजापूरचं केंद्र बघा.

शिक्षक व्हायचं स्वप्न असेल तर एक गोष्ट बीएडची फी भरण्याआधी समजून घ्या: समाजशास्त्र हा विषय अकरावी-बारावीला असतो, म्हणून एमए आणि बीएड दोन्ही लागतात. सीनियर कॉलेजसाठी एमए आणि नेट किंवा सेट.

एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, वैकल्पिक विषयांत समाजशास्त्र आहे. अभ्यास करा, पण घरात ‘एमपीएससी करतोय’ एवढं सांगून चार वर्षं काढू नका. सोबत काम धरा. मुख्यमंत्री फेलोशिपला पदवीला ६० टक्के आणि एक वर्षाचा अनुभव मागतात, म्हणजे तिथेही कामच कामाला येतं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठेवलं होतं, मात्र शिक्षण चालू असलेल्यांना नाही; निकाल लागला की महास्वयम संकेतस्थळावर नोंदणी करून सध्या काय चालू आहे ते बघा.

बायोडाटा एक पान. त्यात ‘इंटर्नशिप केली’ असं न लिहिता ‘४० घरांची यादी केली, १८ मुलाखती घेतल्या, ११ पानांचा अहवाल लिहिला’ असं लिहा, आणि अहवाल जोडा.

अहवाल परत न्या

ही पायरी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण सगळे हीच गाळतात. अहवालाची दोन पानं सोप्या मराठीत करून ज्यांनी माहिती दिली त्यांच्यासमोर वाचायची, नावं काढून. चुका तिथेच सापडतात.

किल्ल्यांवर काम करणारी ती मुलगी वाडीतल्या देवळात तक्ता घेऊन बसली. एकूण घरं ४०, असं तिने वाचलं. मागून एक आजी म्हणाली, ‘४० नाय गो, ४१. ता खालचा पडलेला घर तुका दिसला नाय? कौलां नसली म्हणान काय झाला, घरपट्टी आजून मीच भरतंय.’

मुलीने नमुना ८ ची झेरॉक्स काढून बघितली. घर तिथे होतं, आजीच्या मुंबईला गेलेल्या दिराच्या नावावर. तिने पेनाने ४० खोडून ४१ केलं आणि किल्लीच्या रकान्यात लिहिलं: दार नाही.